प्रबंध रोज थोडा थोडा कसा लिहावा, आणि त्याने उमेद का टिकते

पीएच.डी.ची नोंदणी होते, कोर्सवर्कची परीक्षा पार पडते, संशोधनाचा आराखडा मंजूर होतो आणि त्यानंतर संशोधकासमोर काही वर्षांचा असा काळ येतो, ज्यात आज नेमके काय करायचे हे त्याला कोणीही सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून त्यात आणखी दोन वर्षांची भर घालता येते, आणि महिलांना तसेच ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत मिळू शकते. प्रत्येक सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण करावे लागते. म्हणजे लेखनाच्या काळात नियमांनी आखून दिलेल्या मुदती दोनच: एक सहा महिन्यांची आणि दुसरी सहा वर्षांची. या मुदतींच्या मधल्या एखाद्या मंगळवारी काय घडावे हे नियमांत असण्याचे कारण नाही, पण माझ्या मते प्रबंध अडतात ते अशा मंगळवारीच.

सहयोगी प्राध्यापकपदावर बढती मिळण्यासाठी आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी पीएच.डी. आवश्यक केली आहे, त्यामुळे आपल्याकडे अनेक महाविद्यालयीन शिक्षक तासिका, परीक्षेची कामे, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठीच्या नॅकच्या फायली आणि घर सांभाळून प्रबंध लिहीत असतात. दुसरीकडे सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती घेऊन पूर्णवेळ संशोधन करणारे तरुण आहेत, ज्यांच्या हाताशी वेळ आहे, पण अधिछात्रवृत्तीची मुदत सतत डोक्यावर आहे. दोघांची परिस्थिती वेगळी असली तरी तक्रार एकच ऐकू येते: सुरुवातीला विषयाची जी ओढ होती ती आता उरलेली नाही, प्रबंधाचे नाव काढले तरी जीव दडपतो, आणि सलग मोकळा वेळ मिळाला की लिहायला बसू असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. या अवस्थेला आळस म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. एवढ्या लांब पल्ल्याच्या कामात उमेद ओसरणे हे त्या कामाच्या रचनेतूनच घडते, आणि रोजचे छोटे उद्दिष्ट ही रचना बदलू शकते, म्हणूनच ते उपयोगी पडते.

उमेद ओसरते कशी

शिक्षकाने तासिका घेतली की ती संपते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला घेतला की तो कमी होताना डोळ्यांना दिसतो. प्रबंधाचे तसे नाही. दिवसभर ग्रंथालयात बसून दोन शोधनिबंध नीट वाचले, त्यातला एक आपल्या कामाचा नाही हे समजले, दुसऱ्यातून एक टीप काढली, तरी संध्याकाळी प्रबंध काल जेवढा होता तेवढाच असतो. खरे तर काम झालेले असते, कारण काय वगळायचे हे ठरणे हाही संशोधनाचाच भाग आहे. पण त्याची कुठे नोंद होत नाही आणि मनाला तर नोंद झालेलेच काम पटते. असे दिवस ओळीने आले की ‘आपण कष्ट करतो, पण काही होत नाही’ अशी समजूत पक्की होते आणि मग कष्ट करण्याचीच इच्छा मावळते.

दूरच्या उद्दिष्टाने काम का हलत नाही आणि जवळच्या उद्दिष्टाने का हलते, हे दाखवणारा एक साधा प्रयोग आल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी केला होता आणि तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात मागे पडलेल्या आणि गणिताची गोडी नसलेल्या लहान मुलांना वजाबाकीच्या उदाहरणांची ४२ पाने सात बैठकांमध्ये स्वतःच्या गतीने सोडवण्यासाठी दिली गेली. एका गटाला सुचवले गेले की प्रत्येक बैठकीत निदान सहा पाने पुरी करावीत. दुसऱ्या गटाला सांगितले गेले की सातव्या बैठकीच्या शेवटापर्यंत सगळी ४२ पाने पुरी करावीत. हिशेब पाहिला तर दोन्ही सूचना एकच आहेत, कारण सहा सत्ते बेचाळीसच होतात. पण पहिल्या गटातली मुले वजाबाकीत स्पष्टपणे पुढे गेली, आपल्याला हे जमते असा त्यांचा विश्वास वाढला, आणि नंतर कोणी सांगितले नसतानाही ती वजाबाकीची उदाहरणे आपणहून सोडवू लागली. फक्त दूरचे उद्दिष्ट मिळालेल्या मुलांना त्या उद्दिष्टाचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. ज्यांना कोणतेच उद्दिष्ट दिले नव्हते त्या मुलांच्या आसपासच ती राहिली.

या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग मला शेवटचा वाटतो. गोडी आधी नव्हती. ती काम जमू लागल्यावर आली. प्रबंध लिहिणारे बहुतेक जण याच्या उलट क्रमाची वाट पाहत असतात. आधी उत्साह यावा, मन लागावे, आणि मग लेखन सुरू व्हावे, अशी त्यांची अपेक्षा असते. परंतु उत्साह हा पुष्कळदा झालेल्या कामाचा परिणाम असतो, आणि रोज काहीतरी पुरे होईल अशी सोय केली तर तो रोज थोडा थोडा तयार होत राहतो. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांमधल्या २३८ कर्मचाऱ्यांनी रोज लिहिलेल्या सुमारे १२,००० नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांनाही हेच आढळले की ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात, मग ते थोडे का असेना, एक पाऊल पुढे पडले, ते दिवस माणसांना सर्वांत समाधानाचे वाटले होते. ते लोक प्रबंध लिहिणारे नव्हते हे खरे. पण आपल्या कामाचा शेवट दिसत नसताना मनाला कशाचा आधार लागतो, याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच असावे.

प्रबंधाला किती दिवस लागतील हा अंदाज बहुधा चुकतोच

रोजच्या उद्दिष्टाची गरज आणखी एका कारणाने आहे. ‘सुट्टीत दोन प्रकरणे होतील’ असे आपण म्हणतो तेव्हा आपण मनात सगळे सुरळीत चालल्याचे चित्र रंगवलेले असते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंधिका संपवण्याच्या बेतात असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनाच, काम किती दिवसांत संपेल, हा प्रश्न विचारला होता, आणि त्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी सांगितलेला अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. सगळेच बिघडत गेले तर किती दिवस लागतील, असे विचारल्यावर त्यांनी सरासरी सुमारे ४९ दिवस सांगितले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून थोडे अधिक लागले. म्हणजे सर्वांत निराशाजनक अंदाजही वास्तवापेक्षा आशावादीच निघाला, आणि आपल्या मूळ अंदाजाच्या आत काम संपवणारे विद्यार्थी दहात जेमतेम तीन होते.

यातून घ्यायचे ते एवढेच की ‘या महिन्यात प्रकरण संपवायचे’ अशी प्रतिज्ञा मनाला सावरण्यापेक्षा खच्ची करण्याची शक्यता अधिक, कारण ती मोडणार हे जवळजवळ ठरलेले असते. रोजच्या उद्दिष्टामुळे अंदाज सुधारतो, कारण दोन-तीन आठवड्यांत आपली खरी गती हाती येते. समजा प्रबंध सुमारे ६०,००० शब्दांचा व्हायचा आहे. रोज २५० शब्द, म्हणजे टंकलिखित साधारण एक पान, आठवड्यातून पाच दिवस आणि वर्षातून ४८ आठवडे लिहिले, तर वर्षाचे ६०,००० शब्द होतात. हा पहिला कच्चा खर्डा झाला. त्याच्या दुरुस्तीला, तक्त्यांना, तळटिपांना आणि संदर्भसूचीला जवळपास तेवढाच काळ द्यावा लागेल असे धरून चालावे. तरीही हा हिशेब दोन वर्षांच्या आत बसतो. रोज पाच पाने लिहिण्याचा संकल्प करून चौथ्या दिवशी थांबणाऱ्यापेक्षा रोज एक पान लिहिणारा पुढे असतो हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

दिवसाचे उद्दिष्ट म्हणजे नेमके काय

या ठिकाणी बरीच गफलत होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी उद्दिष्टांवर अनेक दशके जे संशोधन केले, त्याचा गाभा असा आहे की ‘जमेल तेवढे उत्तम करा’ या सूचनेपेक्षा नेमके आणि थोडे कस लावणारे उद्दिष्ट माणसाकडून अधिक काम करवून घेते. ‘आज प्रबंधाचे बघायचे’, ‘तिसऱ्या प्रकरणावर काम करायचे’ ही उद्दिष्टे नव्हेत, कारण संध्याकाळी ती पुरी झाली की नाही हे सांगता येत नाही. ‘१९६० नंतरच्या ग्रामीण कथेतील निवेदकाविषयीचे दोन परिच्छेद लिहायचे’ हे उद्दिष्ट आहे. ‘मुलाखत क्रमांक सात आणि आठ यांचे शब्दांकन पुरे करायचे’ हे उद्दिष्ट आहे. कसोटी अशी ठेवावी की दिवसअखेर त्याचे उत्तर फक्त ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच देता यावे.

दुसरी कसोटी अशी की ते संपूर्णपणे आपल्या हातातले असावे. ‘सरांकडून दुसरे प्रकरण मंजूर करून घ्यायचे’ हे आजचे उद्दिष्ट होऊ शकत नाही. सर परगावी असतील, परीक्षांच्या कामात अडकलेले असतील. ‘दुसरे प्रकरण शुद्धलेखन तपासून सरांना पाठवायचे’ हे मात्र होऊ शकते. त्याचप्रमाणे ‘प्रश्नावलीला पन्नास जणांची उत्तरे मिळवायची’ हे उद्दिष्ट उत्तरे देणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे, तर ‘दहा जणांना फोन करायचे’ हे आपल्यावर. हा भेद लहान वाटला तरी उमेद टिकण्याच्या दृष्टीने तो निर्णायक आहे, कारण दुसऱ्याच्या विलंबामुळे आपले उद्दिष्ट वारंवार हुकू लागले की उद्दिष्टे ठरवण्यावरचाच विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे उद्दिष्ट प्रबंधाच्या टप्प्याप्रमाणे बदलले पाहिजे. शब्द मोजण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो फक्त पहिल्या खर्ड्यापुरता खरा आहे. पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना शब्दांचे उद्दिष्ट ठेवले तर न वाचताच लिहिण्याचा किंवा इतरांची वाक्ये उचलून पाने भरण्याचा मोह होतो, आणि तो महागात पडतो; आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांहून अधिक साम्य आढळले तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, आणि साम्य साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. या टप्प्यावर ‘एक शोधनिबंध वाचून, तो बाजूला ठेवून, त्याचा प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि माझ्या विषयाशी त्याचा संबंध स्वतःच्या शब्दांत दहा ओळींत लिहायचा’ हे उद्दिष्ट उत्तम. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आपल्या विषयाजवळचे प्रबंध सहज मिळतात; त्यातला रोज एक उघडून त्याची फक्त प्रकरणरचना आणि संदर्भसूची पाहायची, असेही एक अर्ध्या तासाचे उद्दिष्ट होते, आणि आपला आराखडा अडला असेल तेव्हा ते फार कामाला येते.

सामग्रीच्या विश्लेषणात तक्ता हे एकक धरावे: आज एक तक्ता तयार करायचा आणि त्याखाली तो काय सांगतो हे पाच वाक्यांत लिहायचे. पुष्कळ संशोधक सगळे तक्ते आधी काढून ठेवतात आणि अर्थ नंतर लावू म्हणतात. काही महिन्यांनी त्यांना तो तक्ता का काढला होता हेच आठवत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते, कारण प्रयोग फसला तर दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. त्यांनी उद्दिष्ट निकालाशी न बांधता कृतीशी बांधावे: ठरलेला प्रयोग करणे, त्याची वही त्याच दिवशी पुरी करणे, आणि फसला असेल तर संभाव्य कारण लिहून ठेवणे. पद्धतीचे प्रकरण तर अशा वहीतूनच अर्धे तयार होते.

खर्ड्याच्या टप्प्यावर शब्दांचे उद्दिष्ट ठेवावे, पण ते मुद्दाम कमी ठेवावे. वाईट दिवशीही जमेल एवढे ते असावे. चांगल्या दिवशी आपण त्याच्या पुढे जाणारच असतो. येथे एक अट स्वतःवर घालून घ्यावी की खर्डा लिहिताना मागचे वाक्य सुधारत बसायचे नाही, संदर्भाचे पान आठवत नसेल तर तेथे कंसात ‘पान पाहणे’ असे लिहून पुढे जायचे. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. हाताने लिहून नंतर एकदम टंकलेखकाकडे देण्याची पद्धत अजूनही आहे, आणि जुन्या फाँटमध्ये टंकलिखित झालेला मजकूर नंतर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात. शक्य असेल त्याने सुरुवातीपासूनच युनिकोडमध्ये स्वतः टंकलेखन करावे, आणि गती कमी असेल तर पहिले दोन महिने रोजचे उद्दिष्ट शंभर शब्दांचेच ठेवावे. रोजचे लिहिलेले रोज संगणकात असले की त्याची मोजदाद होते, शोध घेता येतो आणि प्रत हरवत नाही. ज्यांनी हाताने लिहायचे ठरवले आहे त्यांनी निदान रोज त्या पानाचे छायाचित्र काढून साठवून ठेवावे.

दुरुस्तीच्या टप्प्यावर शब्द मोजणे उलट घातक ठरते, कारण तेथे शब्द कमी होणे हीच प्रगती असते. तेव्हा वेळ मोजावा किंवा पाने मोजावीत. संदर्भसूची, तळटिपा, परिशिष्टे ही कामे थकलेल्या संध्याकाळींसाठी राखून ठेवावीत. रोज वीस नोंदी तपासल्या तर तीनशे नोंदींची सूची पंधरा दिवसांत निर्दोष होते, आणि प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यातली धावपळ टळते.

केव्हा आणि कोठे, हे आधी ठरवणे

उद्दिष्ट ठरले तरी ते कधी करायचे हे मोकळे सोडले तर दिवस संपेपर्यंत ते पुढे ढकलले जाते. पीटर गॉलविट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी जर्मनीत विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण काय केले याचा अहवाल पुढच्या ४८ तासांत लिहून पाठवायला सांगितला. सुट्टी, घरचे वातावरण, पाहुणे असताना लिहायचे होते. आपल्याकडच्या दिवाळीत एखाद्याला अहवाल लिहायला सांगण्यासारखेच ते होते. निम्म्या विद्यार्थ्यांना तो केव्हा आणि कोठे बसून लिहिणार हे आधी ठरवून नोंदवायला लावले होते. त्यांच्यातल्या दहापैकी सुमारे सात जणांनी अहवाल वेळेत लिहिला. बाकीच्यांत दहापैकी सुमारे तिघांनीच. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही गटांची इच्छा सारखीच होती, फरक होता तो फक्त जागा आणि वेळ ठरवण्याचा.

म्हणून उद्दिष्टाचे वाक्यच असे करावे: ‘सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या टेबलावर बसून तिसऱ्या प्रकरणाचे २५० शब्द.’ ते एखाद्या रोज घडणाऱ्या गोष्टीला जोडलेले असले की आठवण ठेवावी लागत नाही. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी दोन तासिकांमधली रिकामी तासिका मोहक वाटते, पण शिक्षककक्षात ती आपली राहत नाही; त्यापेक्षा सकाळी घर जागे होण्यापूर्वीचा किंवा महाविद्यालय सुटल्यावर ग्रंथालयातला पाऊण तास अधिक भरवशाचा. लहान मुले असलेल्या संशोधक स्त्रियांना तर वेळ ठरवण्याआधी घरातल्या माणसांशी ती वेळ ठरवावी लागते, आणि हे त्यांनी संकोच न करता करावे असे मला मनापासून वाटते. रोज ठरलेल्या वेळी त्या टेबलापाशी असतात हे घराला एकदा माहीत झाले की निम्मे व्यत्यय थांबतात. ‘वेळ मिळाला की लिहीन’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीला घर वेळ मिळू देत नाही.

सलग मोठा वेळ मिळाल्याशिवाय गंभीर लेखन होत नाही, हा समज मात्र खोलवर रुजलेला आहे. रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यापीठातल्या शिक्षकांच्या लेखनसवयी तपासल्या. त्याने एका गटाला मन लागेल तेव्हाच लिहायला सांगितले आणि दुसऱ्याला ठरलेल्या वेळी लिहायचेच अशी सक्ती केली. ती सक्तीही अशी की लिहिले नाही तर त्यांचे पैसे त्यांना न आवडणाऱ्या संस्थेला दिले जातील. सक्तीच्या गटाने कितीतरी पटींनी अधिक पाने लिहिलीच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक वारंवार सुचल्या. तो अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठा मजला चढवू नये. तरी त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे: रोज विषयाला हात लागला की मधल्या वेळात, प्रवासात, स्वयंपाकघरात, मन त्यावरच काम करत राहते, महिनाभराच्या खंडानंतर बसलेल्या माणसाचे पहिले दोन दिवस आपण कोठे होतो हे आठवण्यातच जातात.

हा खंड एका दिवसाचा असला तरी जाणवतो, म्हणून बैठक संपवताना शेवटची पाच मिनिटे उद्यासाठी राखावीत. उद्या कोणता मुद्दा लिहायचा, त्यासाठी कोणते पुस्तक उघडावे लागेल, कोणते वाक्य अर्धे सोडले आहे, एवढे तीन ओळींत लिहून ठेवावे. रॉय बाउमायस्टर आणि ई. जे. मासिकॅम्पो या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत असे दिसले की अपुरे काम मनात सारखे डोकावत राहते, पण ते कसे पुरे करायचे याची नेमकी योजना केली की, काम अजून झालेले नसले तरी, ते डोकावणे थांबते. रात्री जेवताना प्रबंधाची टोचणी लागू नये आणि सकाळी कोऱ्या पानाची भीती वाटू नये, या दोन्हींसाठी त्या तीन ओळी पुरतात.

उद्दिष्ट हुकते तेव्हा

ते हुकणारच. घरात आजारपण येते, निवडणुकीच्या कामाचा आदेश येतो, विद्यापीठाच्या परीक्षा लागतात. खरा धोका त्या हुकलेल्या दिवसात नसून दुसऱ्या दिवशी मनात येणाऱ्या विचारात असतो: ‘आता मोडलेच आहे, तर पुढच्या एक तारखेपासून नव्याने सुरू करू.’ लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक नवी रोजची सवय लावून घ्यायला सांगून बारा आठवडे त्यांच्या नोंदी ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील, तर कोणाला २५४, असा त्यांचा हिशेब निघाला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. पण एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या गतीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे कारण नाही, आणि एक दिवस गेला म्हणून मालिका तुटली असेही समजायचे कारण नाही. चुकलेले शब्द दुसऱ्या दिवसाच्या उद्दिष्टात मात्र कधीही मिळवू नयेत. २५० चे ५००, मग ७५० होऊ लागले की ते पुन्हा तेच दूरचे, न झेपणारे उद्दिष्ट होते. कामाच्या गर्दीचा आठवडा आधीच दिसत असेल, तर उद्दिष्ट तेवढ्यापुरते पंधरा मिनिटांवर आणावे. शून्यावर आणू नये.

प्रकरण मार्गदर्शकांकडून लाल शेऱ्यांनी भरून परत येते, तो दिवसही असाच कठीण असतो. त्या दिवशी नवे लेखन बहुधा होत नाही, आणि होऊही नये. शेऱ्यांची एक यादी करावी, त्यात पाच मिनिटांत होणारे, अर्ध्या तासाचे आणि विचार करावा लागेल असे, असे तीन भाग पाडावेत, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज विचाराचा एक शेरा आणि किरकोळ पाच शेरे असे उद्दिष्ट ठेवावे. ज्या शेऱ्याचा अर्थच लागत नाही तो मॅडमना किंवा सरांना विचारणे हेही त्या दिवसाचे एक पूर्ण काम आहे.

रोजच्या उद्दिष्टाने सगळे प्रश्न सुटतात असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. विषय इतका मोठा घेतला आहे की तो एका प्रबंधात मावणारच नाही, सामग्री मिळण्याचा मार्गच बंद झाला आहे, मार्गदर्शकांशी बोलणे थांबले आहे किंवा अधिछात्रवृत्तीची रक्कम महिनोन्महिने आलेली नाही, अशा वेळी रोज २५० शब्दांचा आग्रह धरणे म्हणजे मूळ अडचणीकडे पाठ फिरवणे आहे. तेव्हा समितीकडे विषय मर्यादित करण्याची विनंती करणे किंवा संशोधन केंद्राच्या प्रमुखांशी बोलणे हेच पहिले काम. आणि कोणत्याच गोष्टीत मन लागत नाही, झोप उडाली आहे, आठवडेच्या आठवडे उदास वाटते आहे, असे असेल तर त्याला लेखनाची टंगळमंगळ समजून स्वतःला दटावत बसू नये. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी निःशुल्क आहे.

राहिली गोष्ट नोंदीची. रोजच्या उद्दिष्टासाठी एक साधी वही पुरते, ज्यात तारीख, ठरवलेले काम, झालेले काम आणि उद्याच्या तीन ओळी एवढेच लिहायचे. आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी, मागची पाने उलटून पाहावीत: कोणत्या वेळी काम होते आहे, कोणत्या प्रकारचे उद्दिष्ट वारंवार हुकते आहे, गती अंदाजाच्या जवळ आहे की नाही, हे तेथे दिसते आणि पुढच्या आठवड्याची उद्दिष्टे त्यावरून बदलता येतात. सत्राच्या शेवटी संशोधन सल्लागार समितीसाठी प्रगती अहवाल लिहायचा असतो, तेव्हा सहा महिन्यांत काय केले हे आठवत बसण्याऐवजी ही वही समोर उघडावी. किती शोधनिबंधांच्या नोंदी झाल्या, किती मुलाखतींचे शब्दांकन झाले, कोणत्या प्रकरणाची किती पाने लिहून झाली, हे सगळे तारखांसह तेथेच मिळते, आणि पुढच्या सत्रात किती काम होईल असे समितीने विचारले तर त्याचेही उत्तर झालेल्या कामाच्या आधारे देता येते.